बाग तर बाग

मी आजही कुठलाही कागद खालून वर वाचते. विजेचं बिल असो की लेकाच्या शाळेची सूचना, आधी सगळ्यात खालची ओळ, मग तिच्या वरची. नवरा चिडवतो, "सरळ वाचायला काय जास्तीचे पैसे पडतात का?" त्याला काय सांगणार! ही खोड मला तुपे सरांनी लावली आणि ती आता जन्माची झाली.

दिगंबर तुपे. वाळूजच्या ज्या कंपनीत माझी पहिली नोकरी लागली, तिथे ते निर्यातीच्या कागदांचं काम बघायचे. कंपनी फवारणीचे पंप बनवायची. खाली कारखान्याच्या शॉपमध्ये दिवसभर पत्र्याचा ठणठणाट आणि वर आमची खोली, तीन टेबलांची. एका खिडकीतून निलगिरीची झाडं दिसायची. त्या खिडकीपाशी तुपे सर. उंच, सडपातळ, पन्नाशीच्या पुढचे, खिशात हिरवी पेन्सिल आणि हातात स्टीलची पट्टी. चालायचे हळू, घरात कुणी झोपलंय आणि आपल्या पावलांनी उठू नये, अशा बेतानं. बोलायचेही तसेच. फोनवर समोरचा माणूस ओरडत असला तरी हे आपले, "व्हय साहेब, व्हय, पाहतो."

आमचं काम म्हटलं तर सोपं होतं. परदेशातलं गिऱ्हाईक आपल्याला ओळखत नाही, आपण त्याला ओळखत नाही. मग मध्ये बँक उभी राहते. ती लिहून देते की, माल रवाना केल्याचे अमुक अमुक कागद, आम्ही सांगितलंय अगदी तसेच आणून द्या, पैसे आम्ही देतो. या लिहून दिलेल्याला एलसी म्हणतात. बँक काही पेटी उघडून पंप बघत नाही, ती बघते कागद. इन्व्हॉइसमध्ये मालाचं वर्णन एलसीत लिहिलंय तसं नसलं, की सगळा गठ्ठा परत. असा गठ्ठा आपल्या हातून परत येऊ नये, हीच तुपे सरांची पूजा आणि हाच त्यांचा उपास.

पहिल्याच दिवशी त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "खालून सुरू करा, ताई."

"खालून? का सर?"

"सरळ वाचलं की डोळा पुढं पळतो. त्याला जे वाटतं तेच तो वाचतो. खालून वर आलं की त्याला काई उमजत नाय. अन् उमजलं नाय, की जे हाय तेच दिसतं."

मी बी.कॉम.ला पहिला वर्ग मिळवून आलेली मुलगी. मला वाटलं, म्हातारा वल्ली आहे. पण त्यांचं वाचन बघण्यासारखं असायचं. डाव्या हाताला एलसी, उजव्या हाताला इन्व्हॉइस, पट्टी एकेक ओळ वर सरकते आहे आणि ओठ हलताहेत. चहा येऊन गार व्हायचा, त्यावर साय धरायची. शॉपमधला ठणठणाटसुद्धा त्या खोलीत आल्यावर जरा दबकल्यासारखा वाटायचा. मध्येच पट्टी थांबायची आणि ते चष्म्यावरून बघायचे. त्या बघण्याची मला जाम भीती वाटायची.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच ते बघणं माझ्या वाट्याला आलं. आफ्रिकेतल्या मोंबासाच्या एका गिऱ्हाइकाची एलसी आली होती. त्यात मालाचं वर्णन होतं, बागेसाठीचे फवारणी पंप. आमचे पंप तर कपाशीत मारायचे, सोळा लिटरचे, पाठीवर घ्यायचे. मी विचार केला, बिचाऱ्यांचं चुकलंय. आणि इन्व्हॉइसमध्ये झोकात लिहिलं, शेतीसाठीचे फवारणी पंप. तुपे सरांची पट्टी खालून चढत चढत तिथे आली आणि थांबली.

"हे काय लिहिलं, ताई?"

"सर, आपले पंप शेतीचेच आहेत ना? चूक त्यांची आहे."

"चूक त्यांचीच हाय."

"मग?"

"मग काय? त्यांनी बाग म्हटलं. बाग तर बाग."

मी हट्टाला पेटले. "पण सर, हे खोटं नाही का झालं?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खोटं कुठं हाय? पंप तोच, नळी तीच, पेटी तीच. कोणी बागेत मारंल, कोणी कपाशीत. मालातच फरक असता तर मी सही केली नसती, त्यांच्याकडून दुरुस्ती मागवली असती. पण माल बरोबर हाय ना? मंग ज्याला पाहिजे त्यानं ज्या शब्दात मागितलं, त्याच शब्दात द्यावं. आपलं शहाणपण मधी घालू नाय."

मी मुकाट्यानं इन्व्हॉइस पुन्हा काढलं. त्यांनी हिरव्या पेन्सिलीनं बारीकशी खूण केली, मान हलकीच हलवली, पट्टी कागदांवर आडवी ठेवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चला, निघालं." जणू जहाज त्या निलगिरीमागेच नांगरलेलं होतं.

गंमत पुढेच आहे. त्या दिवसापासून ती मोंबासाची बाग आमच्या खोलीत राहायला आली. चहाच्या वेळी तुपे सर एकदम म्हणायचे, "आज तिथं ऊन असंल का हो?"

"कुठे सर?"

"बागेत."

त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की तिथे पपईची झाडं आहेत, मधून पाटाचं पाणी जातं आणि एक बाई आमचा पंप पाठीला लावून सावकाश फिरते. "घाई नाय तिला," ते सांगायचे. "एक झाड झालं की दुसरं. लुगडं वर खोचलंय." मोंबासात लुगडं कुठून आलं, हे विचारायची छाती मला झाली नाही. खरं सांगायचं तर दुपारी डोळे जड झाले की मलाही ती बाई दिसायला लागायची. पुढे त्याच गिऱ्हाइकाची दुसरी ऑर्डर आली तेव्हा तुपे सर मनापासून खूश झाले. "पपया लागल्या असतील," म्हणाले.

कागद म्हणून जे जे असेल ते सरांच्या पट्टीखालून जायचं. हॉटेलचं बिल, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, प्रसादाच्या पुडीचा कागद, काहीही. डिस्पॅचचे शकीलभाई एकदा मुलाच्या लग्नाची कार्डं घेऊन आले. मोठ्या हौसेनं छापलेली, सोनेरी वेलबुट्टीची. सरांनी सवयीनं पट्टी लावली, खालून वर आले आणि कॅलेंडरकडे बघितलं.

"शकीलभाई, तारीख शुक्रवारची हाय अन् वार छापलाय गुरुवार. पाहुणे गुरुवारी येतील, नवरी येईल शुक्रवारी. तवर पाहुण्यांनी जेवायचं कुणाकडं?"

शकीलभाईंनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! तुपेसाब, आपने तो इज्जत बचा ली मेरी." सगळी कार्डं पुन्हा छापली गेली. लग्नात तुपे सरांना नवरदेवाशेजारी बसवलं आणि ताटात वाढलेलं संपेपर्यंत शकीलभाई स्वतः समोर उभे होते. तेव्हापासून कंपनीत कुणाचंही कार्य असलं की कार्ड आधी आमच्या खोलीत यायचं. शकीलभाई सगळ्यांना सांगत फिरायचे, "हमारे तुपेसाब के सामने से मच्छर भी बिना पेपर के नै जाता."

असा हा माणूस. आणि हा माणूस टोपी घालून घरी जायचा.

कंपनीची बस आम्हाला वाळूजहून शहरात आणायची. मी उस्मानपुऱ्यात उतरायची, तुपे सर त्याआधी नगर नाक्याला. तिथून ते छावणीत चालत जायचे. कंपनीत दिवसभर बोडक्यानं वावरणारा हा माणूस, नाका जवळ आला की डब्याच्या पिशवीतून एक पांढरी टोपी काढायचा, झटकायचा, ड्रायव्हरच्या आरशात बघून नीट बसवायचा आणि मग उतरायचा. दर गुरुवारी छावणीचा बाजार असतो, त्या दिवशी उतरल्याबरोबर आधी बाजाराकडे वळायचा. दुसऱ्या दिवशी शकीलभाई सांगायचे, तुपेसाब गोडीशेव घेत होते.

बसला आयताच विषय मिळाला होता. कोणी म्हणायचं भजनी मंडळ, कोणी म्हणायचं नवस. "क्या तुपेसाब, इलेक्शन में खड़े हो रहे क्या?" असं शकीलभाईंनी विचारलं की सर हसून म्हणायचे, "मत द्याल का?" आणि उतरून जायचे. मी एकदा धीर करून विचारलं. म्हणाले, "घरी तशी अट हाय, ताई." आणि पुन्हा एलसीत डोकं घातलं. मला वाटलं, लग्न न केलेला माणूस, याला घरी अट घालणारं आहे तरी कोण?

ते मला कळलं त्याच दिवशी मी त्यांना शेवटचं पाहिलं. त्यानंतर ते कामावर आलेच नाहीत, घरीच थांबायचं म्हणून नोकरी सोडली. मीही लग्न होऊन नाशिकला आले. म्हणून माझ्या डोळ्यांपुढे तुपे सर येतात ते कंपनीतले नाही, त्या दुपारचेच.

त्या दिवशी ते कामावर आले नव्हते. मोंबासाचाच गठ्ठा होता आणि बँकेत द्यायची मुदत त्याच दिवशी संपत होती. त्यांना फोन केला तर म्हणाले, "दिवसा घराकडं पाहणाऱ्या शेजारच्या मावशी गावाला गेल्यात, मला घर सोडता येत नाय. तुम्ही कागद घेऊन घरी या." मी रिक्षा केली. छावणीतल्या एका गल्लीत दोन खोल्यांचं घर, दारात तुळस आणि कढीपत्ता. दार उघडंच होतं. आत तुपे सर जमिनीवर मांडी घालून बसले होते, भरदुपारी, घरात, टोपी घालून. समोर बाजेवर एक म्हातारी, मुठीएवढं तोंड, डोळे मात्र लखलखीत. तिच्या मांडीवर एक गाठोडं होतं आणि त्यावर दोन्ही हात.

"दादा, बैलं सोडली का?" ती विचारत होती.

"पाणी पाजलं त्यांना. तू चार घास खा, गया. मंग निघू," तुपे सर म्हणाले.

मी उंबऱ्यातच थांबले. त्यांची आई हयात आहे, इतकं मला माहीत होतं, पण ती गावाकडे असेल असं वाटायचं. ही आईच असणार. आणि हा माणूस आपल्या आईला चक्क नावानं हाक मारत होता.

सर उठून माझ्याजवळ आले आणि दारातच, हळू आवाजात, त्यांनी मला सांगितलं. आम्ही एवढे दिवस एका खोलीत बसलो, पण स्वतःबद्दल ते एवढं सलग कधी बोलले नव्हते.

गाव फुलंब्रीच्या पुढे. थोरल्या भावाकडे शेती, आईला यांनी इकडे आणलेलं. आधी ती किल्ल्या विसरायची, मग दिवस, मग माणसं. एक दिवस यांनाच म्हणाली, तुम्ही कोण? दिगू शाळेत गेलाय. परक्या माणसाच्या हातचं मी खाणार नाही. आणि खरोखरच तिनं ताट सारलं. त्या दिवशी सारलं, दुसऱ्या दिवशी सारलं. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर औषधाचा काही उपयोग नाही.

"मंग मी काय केलं सांगू?" सर म्हणाले. "कागद काढले. आधार कार्ड, शाळेचा दाखला, तिच्या मांडीवर मी बसलेला फोटू. एकेक तिच्यापुढं मांडला अन् पट्टी लावून दाखवला. हे पाह्य आई, दिगंबर. हे पाह्य, आईचं नाव गयाबाई. मीच दिगू."

"मग?"

"सगळे कागद तिनं नीट पाह्यले. म्हणली, कागद खरे असतील बाबा. पन आमचा दिगू एवढाला नाय."

ते हसले. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

ती वाट बघायची ती भावाची. म्हणजे सरांच्या मामाची. मामा जाऊन फार काळ लोटलेला. पण तिच्या लेखी तो मुऱ्हाळी म्हणून निघालेला होता, सासरी नांदणाऱ्या बहिणीला माहेरी न्यायला, बैलगाडी जुंपून. ती गाठोडं बांधून बसायची. एकदा उन्हातून येताना सरांनी डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळला होता. दारातून आत आले तर ती उठून उभी राहिली. "दादा, आलास?" आणि त्यांनी दिलेली भाकरी तिनं खाल्ली.

"मंग म्हटलं, दिगंबर तुपे, कंपनीत पोराबाळांना काय शिकवू राहिला तू? त्यांनी बाग म्हटलं, बाग तर बाग. माल तर तोच हाय ना? भाकर तीच, हात तोच. तिनं दादा म्हटलं, दादा तर दादा." त्यांनी टोपी सारखी केली. "मामा टोपी घालायचा. येताना गोडीशेव आणायचा. अन् तिला गया म्हणायचा. जसं तिनं सांगितलं, तसं सगळं करतो. कंपनीत दुरुस्ती मागवता येती, ताई. इथं कुणाकडं मागवायची?"

मी विचारू नये ते विचारलं. "सर, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं. खोटं कशाला बोलू? एकदा दिगू म्हणावं तिनं, असं लई वाटतं. मरायच्या आधी एकदा." मग लगेच म्हणाले, "आणा कागद, बँक बंद होईल."

ते बाजेजवळ बसले. एका गुडघ्यावर ताट, दुसऱ्यावर पाट ठेवून त्यावर गठ्ठा. घास भरवायचा, हात पुसायचा, पट्टी एक ओळ वर सरकवायची. खालून वर, ओठ हलवत. एका ठिकाणी पट्टी थांबली. पॅकिंग लिस्टमधलं वजन जहाजाच्या कागदातल्या वजनाशी जुळत नव्हतं. "हे बदलून घ्या, बाकी ठीक," म्हणाले. मोंबासाचं नाव त्यांच्या ओठांवर आलं तेव्हा म्हातारीनं कान टवकारले.

"ते कुठलं गाव, दादा?"

"लांब हाय, गया. तिथं बाग हाय. पपईची."

"बैलगाडीनं किती लागतंय?"

"बैलं चांगली असली तर लागत नाय जास्त."

तिला ते पटलं. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिनं मला वरून खाली बघितलं आणि तिचं सगळं तोंड खुललं. "वैनी! तुम्ही बी आल्या व्हय?"

मी गडबडले. मी कोण, काय, सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तुपे सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पट्टी थांबल्यावर बघायचे अगदी तसं. मी पुढे झाले, बाजेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "व्हय, आले. म्हटलं, या टायमाला तुम्हाला न्यायचंच."

सरांनी मान हलकीच हलवली. गठ्ठा बरोबर असला की हलायची, तशीच.

म्हातारीनं माझा हात धरला. तिचा हात कोरडा आणि ऊबदार होता. "वैनी, एक जीव अडकलाय इथं," ती म्हणाली. "दिगूचा. शाळेतून याचाय अजून. लई हुशार हाय पोरगं. मास्तर म्हणले, गयाबाई, याचं अक्षर पाहत राहावं. आल्या आल्या भूक भूक करतं अन् कोणी वाढलं नाय तर मुकाट निजतं. मागत नाय कुणाला." मग ती भावाकडे वळली. "दादा, आधी त्याला जेवू घाल. मंग गाडी जुंप."

"घालतो, गया."

"दूध-भाकर दे. तिखट सोसत नाय त्याला."

"नाय देत तिखट."

"माझी आन हाय तुला. उपाशी ठिवू नको माझ्या लेकराला."

"नाय ठेवत," तुपे सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण पट्टी हातातून निसटून फरशीवर वाजली. म्हातारीनं शेवटचा घास खाल्ला, पाणी प्यायली आणि गाठोड्यावर हात ठेवून कलंडली. जरा वेळानं तिला झोप लागली.

मी कागद गोळा करत होते. सरांनी टोपी काढून खुंटीला लावली, मोरीत जाऊन हातपाय धुतले आणि परत येऊन त्याच जागी मांडी घातली. कटोरदानातून एक भाकरी घेतली, ताटलीत कुस्करली, वर दूध ओतलं. शेजारी झाकून ठेवलेल्या पातेल्यातून वांग्याच्या भाजीचा वास येत होता.

"सर, भाजी नाही घेत?" मी विचारलं.

"तिनं दूध-भाकर सांगितलंय," ते म्हणाले.

आणि आईच्या बाजेला लागून, खाली मान घालून, तुपे सर जेवू लागले. मला बँक गाठायची होती, रिक्षा बाहेर थांबली होती. पण ते जेवून उठेपर्यंत माझा पाय काही त्या घरातून निघाला नाही.